तफावतीतलं भोक

"आधी सांग, उष्णता कुठून घेतेस?" प्रज्योतनं विचारलं.

"भिंतीतून," नूपुर म्हणाली. "किल्ल्याची पश्चिमेची भिंत. दिवसभर तापली आहे ना ती."

"आणि सोडणार कुठं?"

"विहिरीत."

"बरं. तफावत मोठी आहे, जोर चांगला मिळन तुले. मांत्रिकाचा ताप किती आहे आत्ता?"

नूपुरनं समोरच्या कागदावर बघितलं. "एकशे दोन."

"काढ चिठ्ठी."

नूपुरनं पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात हात घातला. या खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो आणि तो तेव्हा अमरावतीत कुठंच मिळत नव्हता, म्हणून आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या होत्या. तिला सतरा आला. किल्ल्याचा दरवाजा बिजागऱ्यांसकट उडाला, तिच्या मांत्रिकाचा ताप एकशे तीनवर गेला आणि बाहेरून प्रज्योतच्या बाबांचा आवाज आला, "अबे, त्या चिठ्ठ्यायनं पोट भरते काय? जरा तो मोटरचा खोका आण इकडं!"

राजापेठेत प्रज्योतच्या बाबांचं कूलरचं दुकान होतं. नवे कूलर बनवायचे, जुने दुरुस्त करायचे, कोणी आणलाच तर फ्रिजही बघायचा. दुकानामागं पत्र्याची खोली होती, तिथं कूलरच्या गवताचे गठ्ठे रचलेले असायचे. त्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही तिघं दर रविवारी दुपारी खेळायचो. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, आजूबाजूला चाळीस कूलर आणि त्यातला एकही चालू नाही. गिऱ्हाइकाचा माल चालवायचा नाही, असा बाबांचा कायदा होता. आम्ही आपले घाम पुसत मांत्रिक होऊन फिरत होतो. आम्हाला वेड लागलं होतं, दुसरं काय!

आमच्या खेळाचं नाव 'तफावत'. तो खेळ प्रज्योतचा होता, हे मी आत्ताच स्पष्ट सांगून टाकतो, कारण पुढं मी ते बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं नाही.

अशा खेळात एक जण सूत्रधार असतो. तो गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कोण जिंकलं कोण मेलं ते नशिबावर ठरतं. पुण्याहून कोणीतरी आणलेल्या झेरॉक्समधून आम्ही ते शिकलो. पण त्या झेरॉक्समधली जादू प्रज्योतला पटेना. "मंत्र म्हटला की आग लागली? कुठून आली आग? सासऱ्यानं दिली?" तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला नापास होऊन घरी बसला होता, पण भौतिकशास्त्र त्याच्या हाडात होतं. त्यानं स्वतःची जादू बनवली. मांत्रिकाला काहीही फुकट मिळणार नाही. एक जागा गरम पाहिजे, एक थंड पाहिजे, आणि गरमकडून थंडकडं जाणारी उष्णता मध्ये अडवून त्यातून जोर काढायचा. दोन जागांमध्ये जेवढी तफावत, तेवढा जोर. आणि मध्ये जे वाया जातं ते मांत्रिकाच्या अंगात तापाच्या रूपानं चढतं. एकशे सहाच्या वर गेला की मांत्रिक आडवा. सगळं गणितात बसवलेलं, वहीत तक्ते आखलेले. मी स्वतः इंजिनिअर झालो, चांगल्या मार्कांनी झालो, पण असलं काही मला सात जन्मांत सुचलं नसतं. त्या वहीकडं बघून माझा जळफळाट व्हायचा. तेव्हा मी त्याला कौतुक म्हणायचो.

माझं काम होतं तोडायचं. दर रविवारी खेळ संपला की मी ती वही घेऊन बसायचो आणि कुठून तरी फुकट जोर मिळतो का ते शोधायचो. मिळाला, तर ते भोक. मला ते बरं जमायचं. नियम असा होता की भोक ज्या दिवशी सापडेल त्याच दिवशी सांगायचं, मग प्रज्योत आठवडाभर डोकं खाजवून ते बुजवायचा. वर्षभरात मी अकरा भोकं काढली होती, त्यानं अकराही बुजवली होती.

त्या मे महिन्यात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांना मराठीतून असा खेळ काढायचा होता. नागपूरला रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीन गटांना बोलावलं होतं. समोर बसून खेळून दाखवायचा, आवडला तर खेळ घेणार आणि करणाऱ्याला पुण्यात नोकरी देणार. प्रज्योतनं बाबांना शब्द दिला होता, "हे झालं नाही तर सोमवारपासून दुकानात बसतो. परत तोंडातून नाव काढणार नाही." बाबा म्हणाले होते, "ठीक आहे, बापू." एका माणसाचं अख्खं आयुष्य त्या एका दुपारवर टांगलं होतं, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मला बारावं भोक सापडलं.

मोठं होतं. मांत्रिकाला एखादी वस्तू गार करायची असेल तर प्रज्योतच्या वहीत त्याला सरसकट दोन मात्रा जोर लागायचा. बाहेर कितीही ऊन असो, दोनच. मग मी काय केलं? दोन मात्रा खर्चून रांजणातल्या पाण्याचा बर्फ केला. आता शेजारी तापलेली भिंत आणि इकडं बर्फ, म्हणजे केवढी तफावत! त्यातून पाच मात्रा मिळाल्या. दोन खर्चून पाच! त्या पाचातून आणखी दोन रांजण गार केले. ताप चढला? दोन मात्रांत स्वतःचं अंगच गार करून घेतलं. परत सुरू. अशानं मांत्रिक बसल्या जागी सगळं राज्य उलथून टाकू शकत होता, आणि त्याला साधी शिंकही आली नसती. एका वर्षाची मेहनत एका रांजणात बुडाली होती.

मी तडक प्रज्योतकडं जायला हवं होतं. सायकल काढलीही होती. पण मी गेलो नूपुरकडं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. नूपुर काळमेघ आमच्या दोघांच्या मागच्या गल्लीत राहायची, तिनं व्हरांड्यात उभ्यानंच सगळं ऐकलं.

"बापरे," ती म्हणाली. "मग त्याला सांग ना लगेच."

"उद्या सांगतो."

"उद्या? उद्या तर नागपूरला जायचं आहे."

"तिथंच सांगतो. टेबलावर. बघू दे त्या कंपनीच्या लोकांना, आपणही काही कमी नाही."

"विराज, तू काय बोलून राहिला ते कळतं का तुला?"

"तू कोणाला सांगायचं नाही. शपथ आहे माझी."

ती आत निघून गेली. तिनं शपथ घेतली असं मी धरून चाललो.

रविवारी पहाटेच्या एसटीनं मी आणि प्रज्योत निघालो. नूपुरनं डोकं दुखतंय असा निरोप पाठवला होता. प्रज्योतनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, चिठ्ठ्यांचा डबा मांडीवर. साडेतीन तासांचा रस्ता. तिवसा गेलं, तळेगाव गेलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. मध्येच तो म्हणाला, "काय बे, आज गप्प गप्प?"

"झोप झाली नाही."

"काही राहिलं आहे का आपलं? तुला काही दिसलं का?"

"नाही रे. एकदम फिट आहे."

कोंढाळीला गाडी थांबली तेव्हा आम्ही खाली उतरून चहा घेतला. त्यानं परत विचारलं, "खरंच ना?" मी म्हटलं, "किती घाबरतोस यार!" आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारली.

कंपनीकडून वर्तक मॅडम आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर एक दाढीवाले गृहस्थ, ते सगळं लिहून घेत होते. मॅडम स्वतःच खेळायला बसल्या, मी दुसरा खेळाडू, प्रज्योत सूत्रधार. त्यानं गोष्ट सुरू केली. पाणी आटलेलं गाव, किल्ल्यात दडवलेली विहीर, दारावर बसलेला लोभी किल्लेदार. काय सांगत होता तो! एरवी अडखळत बोलणारा प्रज्योत, त्या दिवशी त्याच्या जिभेवर सरस्वती बसली होती. मॅडमनी गरम तवा आणि ओला गमछा यांच्या तफावतीतून कुलूप तोडलं आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. "अहो, काय सुरेख बसवलंय हे!" त्या म्हणाल्या. दाढीवाल्यांनी मान हलवली. झालंच होतं त्याचं. अजून दहा मिनिटं मी गप्प बसलो असतो तर झालंच होतं.

मी हात वर केला. "सूत्रधार, अंगणात रांजण आहे का?"

"आहे," प्रज्योत म्हणाला.

"मी त्यातलं पाणी गार करतो. दोन मात्रा."

मग मी सगळं केलं. एक रांजण, दोन रांजण, चार. प्रत्येक वेळी किती मात्रा मिळाल्या ते मोठ्यानं मोजत गेलो. तिसऱ्या फेरीला दाढीवाल्यांचं लिहिणं थांबलं. पाचव्या फेरीला मी किल्ला, किल्लेदार आणि डोंगर सगळंच उचलून बाजूला ठेवलं, आणि माझ्या मांत्रिकाचा ताप होता अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. मी खुर्चीला टेकून बसलो.

"हे नियमात बसतं?" मॅडमनी विचारलं.

प्रज्योत माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, हादरलाय. "बसतं," तो म्हणाला.

"मग याला काही उत्तर?"

तो उजवा हात शर्टाच्या खिशावर ठेवून नुसता बसून राहिला.

"नाही," तो शेवटी म्हणाला, आणि त्यानं डब्याला झाकण लावलं.

त्यानंतर मॅडम माझ्याशीच बोलल्या. तुम्ही काय शिकलात, हे किती वेळात दिसलं, आणखी कुठले खेळ असे तपासलेत का. "आत्ताच सुचलं," मी सांगितलं, आणि किती विनयानं सांगितलं! त्यांना खेळ करणारी माणसं बरीच भेटत होती म्हणे, तोडणारा भेटत नव्हता. पंधरा दिवसांत मला पुण्याचं पत्र आलं.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही बसस्टँडवर उभे होतो. प्रज्योत संत्रं सोलत सहज म्हणाला, "मे महिन्यात फ्रिज जास्त घरघरतो, माहीत आहे ना? बाहेर जेवढं गरम, तेवढी आत गार करायला मेहनत जास्त. गारव्याला सरसकट दोन ठेवायच्याच नाहीत. तफावत वाढली की मात्रा वाढवायच्या. मग जेवढं मिळतं त्यापेक्षा लागतंच जास्त. संपलं."

कूलरच्या दुकानातल्या मुलाला हे कळायला अर्धा दिवससुद्धा लागला नव्हता. "हे हॉलमध्ये का नाही सांगितलंस?"

"नाही सुचलं," तो म्हणाला आणि अर्धं संत्रं मला दिलं.

ते मी खाल्लं. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा मला आठवली, ती मी गिळून टाकली. त्याच्या पहिल्या वहीत गारव्याला तसाच चढता तक्ता होता. "इतकी आकडेमोड कोण करत बसणार? सरसकट दोन ठेव," असं सांगून तो मीच काढायला लावला होता. टेबलावर तो एवढं एक वाक्य बोलला असता तरी माझं तोंड काळं झालं असतं. तो बोलला नाही. मीही बोललो नाही.

पुढचं भराभर सांगतो, सांगण्यासारखं नाही म्हणून. मी पुण्याला गेलो. दोन वर्षांनी कंपनीला नवा खेळ हवा होता, मी म्हटलं, आमचा एक जुना खेळ होता, त्यातलं भोक आता बुजलंय. सुरुवातीला मी 'आमचा' म्हणत होतो. मग 'आम्ही मित्र खेळायचो, त्यातून मला सुचलेला' झाला. मग नुसता माझा झाला. प्रज्योतला एक फोन केला होता. "काढ ना, मला काय करायचं आहे," तो म्हणाला, आणि ती परवानगीच आहे असं मी स्वतःला समजावलं. खेळ चालला, कॉलेजाकॉलेजांत गेला. खोक्यावर नाव आहे, विराज बोंडे. माझ्या मित्राचा मी केसानं गळा कापला आणि त्याचंच मला बक्षीस मिळालं.

मागच्या एप्रिलमध्ये तिसरी आवृत्ती निघायची होती. तेरा वर्षांनी मला उपरती झाली. वय झालं असेल, नाहीतर खोक्यावरचं नाव बघवेनासं झालं असेल. मी एक कागद तयार केला आणि अमरावतीला गेलो.

दुकान तेच. बाबा गेले होते. प्रज्योत उकिडवा बसून एका कूलरला गवत लावत होता. केस बरेच पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं, स्टूल पुढं सरकवलं आणि हातातलं काम चालूच ठेवलं.

"खोक्यावर पहिलं नाव तुझं टाकतोय," मी म्हणालो. "फक्त सही पाहिजे."

"काहून?"

"तुझाच आहे खेळ."

"हे आज समजलं तुला?"

त्यानं जाळीचा एक खिळा ठोकला, दुसरा ठोकला.

"विराज, एक सांग. ते रांजणाचं तुला कधी दिसलं होतं?"

तेरा वर्षं मी लोकांना जे सांगत आलो होतो तेच तोंडातून निघालं. "तिथंच. टेबलावर."

"नूपुर शनिवारी दुपारीच आली होती इथं," तो शांतपणे म्हणाला. "रडत होती बिचारी. तुझी शपथ मोडली म्हणून."

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"सगळं. बुजवलंही होतं त्याच दुपारी. जुनाच तक्ता होता ना, तू काढायला लावलेला. तो कागद खिशात घेऊन आलो होतो मी."

"मग बोलला का नाहीस? अरे, नोकरी होती तुझी! एका वाक्यात मिळाली असती!"

"मला वाटलं, तू गाडीत सांगशील." त्यानं हातोडी खाली ठेवली. "दोनदा विचारलं तुला. कोंढाळीला चहा पिताना तर वाटलं, आता सांगतो, आता सांगतो. तू पाठीवर थाप मारली. मग टेबलावर तू हात वर केला ना, तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. इतका खूश मी तुला कधी पाहिला नव्हता, आपल्या पत्र्याच्या खोलीत नाही, रिझल्टला नाही. म्हटलं, याले एवढंच पाहिजे आहे तर घेऊ दे. त्या कागदाला हात लावायची इच्छाच मेली माझी."

"तुला राग नाही आला?"

"राग?" तो पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलला. "तेरा वर्षं गवत ठोकून राहिलो, विराज. राग येणार नाही तर काय येईल? बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, पोराला काही जमलं नाही. ते ऐकून घेतलं मी. तू मला राग विचारतोस?"

मला रडू आलं. त्यानं ते येऊ दिलं, थांबवायच्या भानगडीत पडला नाही. थोड्या वेळानं मी कागद पुढं केला. त्यानं तो वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि घडी करून माझ्याच खिशात घातला.

"माझं नाव नको टाकू. भाच्यानं तुझा खोका आणला होता, मी पूर्ण वाचला आहे. त्यात अजून एक भोक आहे. पहिल्या आवृत्तीपासून आहे."

"कुठं?"

"रांजणापेक्षा मोठं आहे. दिसलं की कोणी परत खेळणार नाही."

"प्रज्योत, सांग. छापायला जाणार आहे रे खेळ."

त्यानं कूलरचं बटण दाबलं. पंखा धडधडला, गवतावरून पाणी उतरायला लागलं. एक बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "या ताई," तो म्हणाला, "तुमचाच आहे, हवा बघून घ्या." आणि तो त्यांच्याशी बोलायला लागला. मी अर्धा तास स्टुलावर बसलो होतो. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

तिसरी आवृत्ती मी थांबवली आहे. कंपनीत सगळे वैतागलेत, आणि ती का थांबवली ते मी त्यांना सांगू शकत नाही. वर्षभर रोज तो खोका उघडून बसतो, एकेक तक्ता तपासतो. दोन गणिताची माणसंही लावली, त्यांना काही सापडलं नाही. नूपुर आता बंगळूरला असते. तिला फोन केला, तर ती म्हणाली, "अरे, असेलच कशावरून? उगाच तुला गोंधळात टाकलं असेल त्यानं."

असेलही. पण प्रज्योत खोटं बोलला असेल, असं मला काही केल्या वाटत नाही. आज सकाळी मी परत पहिल्या पानापासून सुरुवात केली आहे.